दिव्यांची खतावणी

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लहानपणीच कळते. रोजकीर्द आणि खतावणी या दोन वह्यांत व्यवहार तेच असतात, मांडणी तेवढी निराळी असते. रोजकीर्दीत ते तारखेच्या क्रमाने उतरतात, खतावणीत खात्यांच्या क्रमाने. एखाद्याकडून किती येणे आहे हे रोजकीर्दीतून शोधू म्हटले तर दिवस जातो. खतावणीत त्याचे पान उघडले की आकडा समोर असतो. मांडणी बदलल्याने एक पैसाही इकडचा तिकडे होत नाही, परंतु पाहणाऱ्याची सोय होते. बार्शीच्या पेठेत चाळीस वर्षे कापडाचे दुकान चालविलेल्या अण्णांच्या हे इतके अंगवळणी पडले होते, की ते बोलून दाखविण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. तो आला अमेरिकेत, ओहायो राज्यातील एका उपनगरात, मुलाच्या घराच्या तळघरात. आणि तोही नाताळच्या दिव्यांच्या निमित्ताने.

पत्नीच्या निधनानंतर दोन वर्षांनी, मुलाच्या आग्रहावरून, अण्णा जुलै महिन्यात सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी तिकडे गेले. घर प्रशस्त, सून मायाळू, दहा वर्षांची नात लाघवी; कशाचीच उणीव नव्हती. उणीव होती ती कामाची. सकाळी आठ वाजता घरातील तिघेही आपापल्या वाटेने निघून जात आणि अण्णा खिडकीशी बसून रिकामा रस्ता पाहत. ज्याने आयुष्यभर सकाळी नऊला दुकानाचे कुलूप उघडले, त्याला अकराच्या सुमारास आपण कोणाच्याच उपयोगाचे नाही असे वाटू लागते, आणि ते बोलून दाखविणे त्याला प्रशस्त वाटत नाही. मुलाच्या हे ध्यानात आले. एका रविवारी तो अण्णांना तळघरात घेऊन गेला.

तेथे दिव्यांच्या माळांची खोकी रचून ठेवलेली होती. तीन वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या घराची रोषणाई पाहून मुलाला हा छंद जडला होता. नाताळला विजेचे दिवे लावण्याची रीत अमेरिकेत जुनी आहे. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी २२ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी नाताळच्या झाडाला लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले व ते झाड विजेवरच फिरते ठेवले. संगीताच्या तालावर सबंध घर उजळण्याची हौस मात्र अलीकडची. २००४ मध्ये ओहायोतीलच मेसन या गावी कार्सन विल्यम्स नावाच्या विद्युत अभियंत्याने सुमारे १६,००० दिवे ८८ वाहिन्यांवर जोडून ते एका वाद्यरचनेवर नाचविले. आसपासच्या घरांना आवाजाचा त्रास नको म्हणून संगीत अल्पशक्तीच्या एफएम लहरींवरून सोडले जाई आणि पाहणाऱ्यांना ते मोटारीतील रेडिओवर ऐकू येई. पुढील वर्षी त्याची चित्रफीत इंटरनेटवरून सर्वत्र पसरली आणि मोटारींची रीघ लागली. वस्तीत एक अपघात घडला असता पोलिसांना त्या गर्दीतून पोहोचणे कठीण झाले, तेव्हा विल्यम्स यांनी आपणहून रोषणाई बंद केली.

“शेजारधर्म जाणणारा माणूस दिसतो,” अण्णा म्हणाले. दिव्यांपेक्षा त्यांना हेच अधिक भावले.

त्या ८८ वाहिन्यांच्या काळात सबंध माळ एकत्रच उजळे आणि एकत्रच मंद होई. आता माळेतील प्रत्येक दिव्याला स्वतंत्र चिप असते. लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या तर एका दिव्यातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा निघतात. मुलाकडे असे २,००० दिवे होते, म्हणजे ६,००० वाहिन्या. प्रत्येक वाहिनीला सेकंदातून वीस वेळा एकेक आकडा द्यायचा. तीन मिनिटांच्या गाण्यात अशा ३,६०० चौकटी येतात.

“म्हणजे दोन कोटी सोळा लाख आकडे,” अण्णांनी तोंडी गुणाकार करून सांगितले. “एवढ्या नोंदी करतो तरी कोण?”

“नोंदी संगणक करतो, अण्णा. कोठे काय आणि किती वेळ व्हावे, एवढेच आपण मांडायचे.”

या मांडणीसाठी लाइट-ओ-रामासारखी विकत घेण्याची सॉफ्टवेअर आहेत, तशीच एक्सलाइट्स आणि व्हिक्सन यांसारखी विनामूल्यही आहेत. विनामूल्य सॉफ्टवेअरची संहिता कोणालाही उघडून पाहता येते आणि अनेक हौशी मंडळी आपल्या फावल्या वेळात ती वाढवितात, दुरुस्त करतात. मुलगा अशाच एका विनामूल्य सॉफ्टवेअरवर काम करीत असे. त्याने ते अण्णांना उघडून दाखविले. डाव्या बाजूस एकाखाली एक नावे होती: छपराची कड, वरच्या खिडक्या, दरवाजा, अंगणातील झाड. वरच्या अंगास गाण्याचा काळ सेकंदांत आखलेला होता. नाव आणि काळ जेथे एकमेकांस मिळत, तेथे रंगीत पट्टी. पट्टी जेवढी लांब, तेवढा वेळ त्या ठिकाणी दिव्यांचा तो खेळ चालणार.

अण्णांनी क्षणभर न्याहाळले आणि त्यांचा चेहरा उजळला. “अरे, ही तर एका पानावर मांडलेली रोजकीर्द आणि खतावणी! तारीख वर, खाती डावीकडे.”

किती महिन्यांनी वडिलांच्या आवाजात दुकानातील तो सूर मुलाने ऐकला. त्या वर्षीच्या एका गाण्याचे काम आजोबा आणि नात यांनी मिळून करावे असे त्याच दिवशी ठरले.

पहिले काम ठेक्याच्या खुणा तपासण्याचे. गाण्याच्या प्रत्येक ठोक्यावर एक लाल उभी रेघ होती आणि चार ठोक्यांतील पहिल्यावर, म्हणजे आपण ज्याला सम म्हणतो तेथे, हिरवी रेघ. नात म्हणाली, “आजोबा, हिरवी रेघ आली की थांबवा हं.” अण्णांनी थांबविले. “आजोबा, ही लाल आहे!” पुन्हा थांबविले, पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी नात काही बोलली नाही. तिने हळूच माऊस आपल्याकडे ओढून घेतला. मोठ्यांची चूक लहानांनी सांभाळून घ्यावी, हे अण्णांना त्या तीन लाल रेघांहून अधिक लागले.

“अक्षरे फार बारीक आहेत, बाळ. चष्म्याचा नंबर वाढला असेल,” ते म्हणाले. हे खोटे नव्हते. काळ्या पडद्यावरील ती करडी, किरटी अक्षरे त्यांना खरोखरच लागत नव्हती. वयाबरोबर डोळ्याची बाहुली आकसते, आत प्रकाश कमी पोहोचतो, आणि पार्श्वभूमीत व अक्षरात फरक थोडा असला की वाचणे कठीण जाते. परंतु ते सारे सत्यही नव्हते.

नातीने रात्री ते वडिलांच्या कानावर घातले. मुलगा संतापला, वडिलांवर नव्हे, सॉफ्टवेअर बनविणाऱ्यांवर. त्याने तत्काळ त्यांच्यासाठी मजकूर लिहिला आणि मराठीत अण्णांना वाचून दाखविला. तुमच्या पडद्यावर काहीही धड दिसत नाही, वयस्कर माणसांचा विचार तुम्ही केलेलाच नाही, ताबडतोब सुधारणा करा, असा त्याचा आशय होता.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले. “या मंडळींना आपण किती पैसे दिले आहेत?”

“काहीच नाहीत, अण्णा. ते फुकटच आहे.”

“मग हा तगादा कसला? थकलेल्या उधारीसाठी असा कागद लिहावा. येथे तर आपणच त्यांचे देणे लागतो.”

बाजारात दाम मोजणारा हक्काने मागतो आणि दुकानदारही तो हक्क मानतो. घरात आपली माणसे मायेच्या जोरावर मागतात. येथे दामही नव्हता आणि नातेही नव्हते. दिवसभर आपली नोकरी करून रात्री परक्यांसाठी विनामोबदला काम करणाऱ्या माणसाकडे मागावे तरी कसे, हा प्रश्न अण्णांना पडला. त्यांना बँकेत केलेला आपला पहिला कर्जाचा अर्ज आठवला. धंदा वाढवायचा आहे, तरी मदत व्हावी, एवढेच त्यांनी त्यात लिहिले होते. मॅनेजरसाहेबांनी तो सौजन्याने परत केला आणि समजावले, की माल कोणता, रक्कम किती, मुदत कोणती आणि कशासाठी, हे लिहिल्याशिवाय देणाऱ्याला देण्याची इच्छा असूनही देता येत नाही. नीट मागणे हे देणाऱ्याचे अर्धे काम हलके करणे असते, हे अण्णा त्या दिवशी शिकले होते.

“नवा कागद घे,” ते म्हणाले. “एकेक मागणी वेगळी लिही. काय दिसत नाही, काय दिसावे, आणि कशासाठी.”

रात्री उशिरापर्यंत बसून चार मागण्या तयार झाल्या. पहिली, डावीकडील नावांची अक्षरे आणि ओळींची उंची वापरणाऱ्याला वाढविता यावी. दुसरी, ठोक्याच्या आणि समेच्या रेघांत रंगाखेरीज जाडीचा किंवा आकाराचाही भेद असावा. तिसरी, प्रत्येक पट्टीच्या रंगाचे नाव अक्षरांत पाहता यावे. चौथी, सर्व ओळी एकदम न दाखविता हव्या तेवढ्याच निवडून त्या निवडीला नाव देता यावे, म्हणजे आज केवळ खिडक्यांचे काम असेल तर खिडक्यांचेच पान उघडेल. शेवटी अण्णांच्या सांगण्यावरून एक वाक्य जोडले: या चारही गोष्टी केवळ पाहण्याच्या सोयीच्या आहेत, त्यांनी प्रत्यक्ष रोषणाईतील एकही आकडा बदलू नये.

हे वाक्य साधे दिसले तरी महत्त्वाचे आहे. सॉफ्टवेअर घडविणाऱ्याला नव्या मागणीची धास्ती वाटते, कारण एका ठिकाणी हात लावला की दुसरीकडे काही बिघडेल की काय, अशी भीती असते. मूळ नोंद आणि तिचे दर्शन ही दोन वेगळी खाती आहेत आणि आपण दुसऱ्या खात्याविषयीच बोलत आहोत, असे मागणाऱ्याने स्पष्ट केले की ती भीती पुष्कळ कमी होते.

“अण्णा,” मुलगा लिहिता लिहिता थांबला. “दुसऱ्या आणि तिसऱ्या मागणीचे कारण काय लिहू? अक्षरे मोठी हवीत ते समजले. पण रेघा तर ठळक आहेत, आणि एक लाल, एक हिरवी. रंगाचे नाव कशाला लागेल?”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी टेबलावरच्या हिरव्या पेनाकडे बोट दाखविले. “हे पेन आणि तो लाल डबा मला जवळजवळ सारखेच दिसतात. लहानपणापासून.”

मुलाचा विश्वास बसेना. चाळीस वर्षे कापड विकलेला माणूस! अण्णांनी तेव्हा सर्व सांगितले. विटकरी आणि मेंदी हे रंग त्यांना कधीच वेगळे दिसले नव्हते. पोत, वीण आणि सुताचा कस ते डोळे मिटून सांगत. गडद आणि फिका यांतील बारीक फरक त्यांना इतरांहून अधिक कळे. पण लाल आणि हिरवा यांत त्यांची गल्लत होई. लग्नानंतर महिनाभरात पत्नीच्या ते लक्षात आले. ती काही बोलली नाही. दर आठवड्याला नवा माल आला की दुपारी दुकान बंद असताना ती येई आणि प्रत्येक ताग्याच्या आतल्या टोकाला रंगाचे नाव लिहिलेली लहानशी चिठ्ठी टाचणीने लावून जाई. गिऱ्हाईकासमोर तागा उलगडताना अण्णा ती ओझरती पाहून घेत. “कापडवाल्याला रंग कळत नाही असे पेठेत पसरले असते तर कोण उंबरा चढले असते? म्हणून कोणालाच सांगितले नाही. तुलाही नाही.”

मुलाला ते समजण्याचे कारणही नव्हते. लाल आणि हिरवा यांतील भेद न दिसण्याचा हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि तो आईकडून येणाऱ्या गुणसूत्रावरून उतरतो. त्यामुळे बापाचा दोष मुलाकडे जात नाही. मुलीकडे तो सुप्त रूपाने जातो आणि तिच्या प्रत्येक मुलात प्रकट होण्याचा संभव निम्मा असतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारांतील सुमारे एकाला तो आढळतो, स्त्रियांत दोनशेंतील सुमारे एकीला. म्हणूनच संकेतस्थळे घडविणाऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत असे सांगितले आहे, की कोणतीही माहिती केवळ रंगाच्या आधारे देऊ नये, आणि साध्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी उजळपणातील फरक किमान साडेचारास एक या प्रमाणात असावा. मुलगा संगणकाच्याच व्यवसायात असल्यामुळे त्याला हे नियम पाठ होते. ते आपल्याच घरातील माणसासाठी लिहिलेले आहेत, हे मात्र त्याला त्या रात्री कळले.

“मग लिहू का तसे?” त्याने विचारले.

“लिही. कारण लपविले तर अर्ज अपुरा राहतो.”

चार दिवसांनी उत्तर आले. त्यात आभार मानले होते, मागण्या वेगवेगळ्या आणि सकारण लिहिल्याबद्दल. पहिली आणि चौथी सोय सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच होती. कोणत्या यादीत जाऊन कोणते कलम निवडायचे, तेही कळविले होते. अण्णा मनापासून हसले. “आपल्याच खात्यावर जमा असलेली रक्कम आपण उसनी मागितली म्हणायची!” दुसरी मागणी त्यांना पटली, आणि तीन आठवड्यांनी आलेल्या नव्या आवृत्तीत समेची रेघ जाड व ठोक्याची रेघ तुटक दाखविण्याचा पर्याय आला. तिसरीबद्दल मात्र नकार होता, आणि त्याचे कारणही दिले होते. अनेक पट्ट्या इतक्या अरुंद असतात की त्यांत नाव मावणार नाही, आणि एका पट्टीत कित्येकदा अनेक रंग असतात. अण्णांना त्या नकाराचे वाईट वाटले नाही. सकारण आलेला नकार हाही एक प्रकारचा आदरच असतो.

तिसऱ्या मागणीची तजवीज नातीने केली. गाण्याच्या शब्दांसाठी वर एक मोकळी ओळ ठेवता येते, तिच्यात काहीही लिहिता येते. तिने तशी आणखी एक ओळ उघडली आणि रविवारच्या मराठी वर्गात शिकलेल्या अक्षरांत लिहिले: लाल, हिरवा, पांढरा, पुन्हा लाल. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पडदा उघडला तेव्हा प्रत्येक पट्टीच्या वर तिच्या रंगाची चिठ्ठी होती. ते पुष्कळ वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. नातीला दुकानातील टाचण्यांची गोष्ट ठाऊक नव्हती.

त्याच संध्याकाळी त्यांनी पुण्याच्या मुलीला फोन केला. तिचा मुलगा आठ वर्षांचा. चित्रकलेच्या वहीत झाडाची पाने तपकिरी रंगवितो म्हणून शाळेत त्याला दोनदा बोलणी बसली होती, आणि घरी सर्वांनी तो हूडपणा ठरविला होता. “त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने,” अण्णा म्हणाले. “रंगीत ठिपक्यांत आकडे दडविलेली पाने असतात, ती दाखवतील. आणि त्याला रागावू नकोस.” जपानच्या शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेली ही चाचणी काही मिनिटांत होते. मुलाला दोष असल्याचे निघाले. त्यावर उपचार नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. आईने त्याच्या खडूंवर रंगांची नावे चिकटविली आणि वर्गशिक्षिकेला भेटून सर्व सांगितले. आजोबांनी जे चाळीस वर्षे लपविले, ते नातवाला आठव्या वर्षी मोकळेपणाने सांगता आले.

पर्याय म्हणून आपण ज्यांच्याकडे दुर्लक्ष करतो, त्या सोयी मागणारा मनुष्य पुष्कळदा हौशी किंवा चोखंदळ ठरविला जातो. कोणाला अक्षरे मोठी हवीत, कोणाला पार्श्वभूमी उजळ हवी, कोणाला रेघ जाड हवी. अण्णांच्या दोन कोटी सोळा लाख आकड्यांपैकी एकही या सोयींमुळे बदलला नाही. तेच गाणे, तेच दिवे, तीच रोषणाई. ती मांडताना एक माणूस दाराबाहेर राहिला असता, तो आत आला, एवढाच काय तो फरक.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंगचा सण असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचलाच अंधार पडला आणि मुलाने दिवे सुरू केले. शेजारची पाच-सहा कुटुंबे कोट-टोप्या घालून रस्त्याच्या पलीकडे उभी होती, मोटारींतील रेडिओ लागले होते. दहाच्या आत सर्व बंद करायचे, अशी अण्णांनी आधीच ताकीद दिली होती. छपराच्या कडेवरून प्रकाश धावत गेला, खिडक्या उजळल्या, झाड तळापासून शेंड्यापर्यंत पेटत गेले. अण्णांच्या डोळ्यांना त्यातील पुष्कळसे एकाच पिवळट-तपकिरी रंगाच्या कमी-अधिक छटांत दिसत होते.

नातीने त्यांचा हात धरला. “आजोबा, आता कोणता रंग?”

“हिरवा,” अण्णा म्हणाले.

“बरोबर! पण तुम्हाला कसे कळले?”

“सम आली ना.”